फी कोणाची, भांडवल कोणाचे?

‘एक लाख डॉलरचे खाते आमचे, कसब तुमचे. नफ्याचे 80 टक्के तुम्ही न्या, तोटा आम्ही सोसू.’ होतकरू डे ट्रेडरची परीक्षा घेऊन त्याला ‘फंडेड’ करणाऱ्या प्रॉप फर्मचे हे आश्वासन. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा आधी नीट ऐकून घेतला पाहिजे. ज्याच्या अंगात कसब आहे पण घरात पैसा नाही, त्याने काय करावे? पन्नास हजारांवर महिन्याला तीन टक्के कमावले तरी पंधराशे रुपये हाती येतात. त्यात घर चालत नाही, म्हणून तो झेपणार नाही एवढी जोखीम घेतो आणि बुडतो. त्यापेक्षा ठरलेली फी भरून परीक्षा द्यावी. नापास झाला तर फी जाईल, बापाची जमीन तरी वाचेल. हे म्हणणे पोकळ नाही. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (एफ अँड ओ) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि त्यांनी मिळून 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक गमावले. फीपुरताच मर्यादित राहणारा तोटा त्या मानाने परवडला, असे कोणालाही वाटेल.

तरीही हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण ज्या ‘दुसऱ्याच्या भांडवला’वर तो उभा आहे ते बहुतेक वेळा बाजारात उतरलेलेच नसते. 2015 मध्ये प्रागमध्ये सुरू झालेली एफटीएमओ ही या धंद्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी. ग्राहकाला दिलेली खाती डेमो असतात आणि त्यातला पैसा काल्पनिक असतो, हे ती स्वतःच सांगते. चॅलेंज, म्हणजे ती परीक्षा, पास झाल्यावर मिळणारे खातेही त्यात आले. ऑर्डर बाजारात गेली नाही, तर नफाही बाजारातून येत नाही. मग पेआउट येतो कुठून? कंपनीच्या गल्ल्यातून, आणि त्या गल्ल्यात रोज पडते ती चॅलेंजची फी. चांगल्या ट्रेडरचे सौदे आम्ही आमच्या पैशाने बाजारात कॉपी करतो, असे काही कंपन्या सांगतात. करतही असतील, पण किती करतात हे फी भरणाऱ्याला तपासता येत नाही. जिथे फी हीच मुख्य कमाई आहे, तिथे विद्यार्थी नापास होण्यातच परीक्षकाचा फायदा असतो. माझा मूळ आक्षेप हाच आहे.

आता परीक्षेकडे पाहू. नेहमीचा साचा दोन टप्प्यांचा: पहिल्यात 10 टक्के नफा, दुसऱ्यात 5 टक्के; एकूण तोटा 10 टक्क्यांवर आणि दिवसाचा 5 टक्क्यांवर गेला की खाते बंद. एक लाख डॉलरच्या खात्याची फी 540 युरोच्या आसपास. म्हणजे खाते नावाला एक लाखाचे. गमावण्याची मुभा असलेली रक्कम दहा हजारच. समजा, एकजण निव्वळ नाणेफेक करून सौदे करतो. 10 टक्के तोट्याआधी 10 टक्के नफा गाठण्याची त्याची शक्यता निम्मी. 10 टक्के तोट्याआधी 5 टक्के नफा गाठण्याची तीनात दोन. दोन्हींचा गुणाकार एक तृतीयांश. दलाली, स्प्रेड आणि दिवसाची मर्यादा धरली तर आकडा बराच खाली येतो, पण तत्त्व बदलत नाही: एवढ्या छोट्या परीक्षेत कसब आणि नशीब वेगळे काढता येत नाहीत.

‘पण नियमांमुळे शिस्त लागते’, असेही म्हणतात. दिवसाच्या मर्यादेचेच पाहा. ती बंद झालेल्या सौद्यांबरोबर उघड्या सौद्यांच्या तोट्यावरही लागू असते. अमेरिकेतले रोजगाराचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी येतात. त्या क्षणी सोन्याचा भाव झटक्यात खाली येतो, स्प्रेड फुगतो, पडद्यावर तोटा पाच हजारांच्या पुढे दिसतो आणि खाते उडते. दोन मिनिटांनी भाव परत जागेवर. अंदाज बरोबर ठरलेला माणूस नापास झालेला असतो आणि पुन्हा फी भरायला बसतो. तोट्याला मर्यादा हवीच, यात वाद नाही. पण पुढची फी खुणावत असताना त्या मर्यादेतून शिस्तीऐवजी घाई शिकली जाते.

माय फॉरेक्स फंड्स या प्रॉप फर्मचा दाखला दोन्ही बाजूंनी चुकीचा दिला जातो. अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने, सीएफटीसीने, ऑगस्ट 2023 मध्ये या कंपनीवर खटला भरला. 1,35,000 हून अधिक ग्राहकांकडून किमान 31 कोटी डॉलर फी घेऊन फसवणूक केली, असा आरोप होता. मे 2025 मध्ये न्यायालयाने हा खटला कायमचा फेटाळला, आणि त्याचे कारण सीएफटीसीचेच गैरवर्तन: कंपनीने कर भरण्यासाठी पाठवलेली रक्कम संशयास्पद असल्याचे भासवून न्यायालयाची दिशाभूल केली गेली. तेव्हा त्या कंपनीला ठग म्हणणे अन्यायाचे आहे. पण या निकालाने धंद्याची पद्धत निर्दोष ठरली असे सांगणेही खोटेच, कारण खटला त्या प्रश्नापर्यंत पोचलाच नाही.

मग कसबी पण निर्धन माणसाने आशाच सोडावी का? मुळीच नाही. 1983 मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिसने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन नवखी माणसे निवडली, दोनेक आठवडे शिकवले आणि स्वतःच्या पैशाची खाती त्यांच्या हाती दिली. ते हरले असते तर डेनिस हरला असता, म्हणून त्याने जीव तोडून शिकवले. मुंबईत ब्रोकरच्या पैशावर सौदे करणारा जॉबर याच नात्यातला. ब्रोकर डिपॉझिट घेईल, नफ्यात वाटा घेईल, पण ऑर्डर खऱ्या एक्स्चेंजवर जाते आणि जॉबर टिकण्यात ब्रोकरचे हित असते. 2012 पासून चालत आलेल्या शिकागोच्याच टॉपस्टेपमध्ये सिम्युलेटेड खात्यापुढे खऱ्या फ्युचर्स बाजारातल्या लाइव्ह खात्याची पायरी आहे. तेव्हा खऱ्या पैशावर संधी देणे अशक्य नाही.

माझी मागणी एवढीच आहे. खाते डेमो असेल तर तो शब्द ‘एक लाख डॉलर’च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. वर्षाला फी किती जमली, पेआउट किती गेले आणि कंपनीने बाजारातून स्वतः किती कमावले, हे तीन आकडे लेखापरीक्षकाच्या सहीने जाहीर करावेत. सातत्य दाखवणाऱ्याला किती महिन्यांत खऱ्या खात्यावर नेणार, हे करारात लिहावे. आपल्या मुलांसाठी हे अधिक निकडीचे आहे. परदेशातल्या फर्मने पेआउट अडवला तर सेबीच्या तक्रार यंत्रणेत दाद मागता येत नाही, कारण ती फर्म सेबीकडे नोंदलेलीच नसते. आणि फॉरेक्सचे अनधिकृत मंच टाळा, असे रिझर्व्ह बँक 2022 पासून नावांची यादी देऊन बजावत आली आहे.