कावेरीचा वाद : पाण्याचा आणि शब्दांचाही

कावेरीच्या पाणीवाटपाचा वाद हा जसा धरणांतील साठ्याचा आहे, तसाच तो कायद्यातील एकमेकांसारख्या भासणाऱ्या इंग्रजी शब्दांचाही आहे. कृष्णराजसागर धरणाच्या खालच्या अंगाला, म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूरच्या परिसरात भात आणि ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना या शब्दभेदाची झळ थेट पोहोचते.

याचे ठळक उदाहरण 2018 चे. 16 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी सहा आठवड्यांत 'स्कीम' तयार करण्यास केंद्राला सांगितले. लवादाने 2007 च्या निवाड्यात मात्र 'बोर्ड', म्हणजे व्यवस्थापन मंडळ, सुचविले होते. दोहोंचा अर्थ एकच काय? मुदत उलटताच केंद्राने खुलासा मागितला, तर तामिळनाडूने अवमान याचिका दाखल केली. स्कीम म्हणजे बोर्डच, असा तामिळनाडूचा आग्रह होता. बोर्ड आल्यास धरणांवरील ताबा जाईल, अशी कर्नाटकची धास्ती होती. अखेर 1 जून 2018 रोजी अधिसूचना निघाली आणि अस्तित्वात आले ते 'ऑथॉरिटी', म्हणजे प्राधिकरण.

दुसरी जोडी 'अलोकेशन' आणि 'रिलीज' यांची. 2018 च्या निकालानुसार तामिळनाडूचा एकूण वाटा 404.25 टीएमसी आहे; परंतु कर्नाटकाने बिळिगुंडलू येथे द्यावयाचे पाणी 177.25 टीएमसी आहे. उरलेले पाणी तामिळनाडूच्याच हद्दीत उपलब्ध होणारे. पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी छापला गेला, तर कर्नाटकाकडून दुपटीहून अधिक पाणी मागितले जात असल्याचा समज होतो.

'क्युसेक' आणि 'टीएमसी' यांतही असाच घोटाळा होतो. क्युसेक हा प्रवाहाचा वेग, टीएमसी हे पाण्याचे परिमाण. ऑगस्ट 2023 च्या अखेरीस पंधरा दिवस रोज 5,000 क्युसेक पाणी सोडण्यास कर्नाटकाला सांगण्यात आले. हे पाणी दिवसाला सुमारे 0.43 टीएमसी, म्हणजे पंधरा दिवसांत साडेसहा टीएमसीच्या आसपास होते. त्या वेळी नियमन समितीने केली ती 'शिफारस' आणि प्राधिकरणाने दिला तो 'निर्देश'. मराठी बातमीत दोन्ही 'आदेश' झाले, तर निर्णय नेमका कोणाचा, हेच वाचकाला कळत नाही. त्या सप्टेंबरमध्ये 26 तारखेला बेंगळुरू आणि 29 तारखेला कर्नाटक बंद झाले. तापलेल्या वातावरणात असा ढिसाळपणा परवडणारा नसतो.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. कृष्णा लवादाच्या 1970 च्या दशकातील निवाड्यात 'स्कीम ए' आणि 'स्कीम बी' असे दोन मार्ग होते. पहिल्यात 2,060 टीएमसीचे वाटप झाले आणि महाराष्ट्राला 560 टीएमसी मिळाले. दुसऱ्याचा आधार असलेले कृष्णा खोरे प्राधिकरण प्रत्यक्षात आलेच नाही. 'स्कीम' या एकाच शब्दाचा कृष्णेच्या संदर्भात अर्थ वाटपाची रीत असा होतो, तर कावेरीच्या संदर्भात अंमलबजावणीची यंत्रणा असा.

सर्व ठिकाणी 'योजना' हा एकच प्रतिशब्द वापरणे सोपे असले तरी पुरेसे नाही. निवाडा, आदेश, निर्देश आणि शिफारस यांतील अंतर मराठीत राखता येते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी हे अंतर जपणे ही वृत्तमाध्यमांची जबाबदारी ठरते.