द्राक्षांसाठी मिरजेहून आगगाडी

मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक यांस अनावृत पत्र

महाशय,


माघ-फाल्गुनात तासगाव, पलूस आणि कवठे महांकाळ या तालुक्यांतील बागा उतरू लागल्या, की शीतगृहांत गार केलेल्या द्राक्षांचे कंटेनर घेऊन मालमोटारी कराड, सातारा ओलांडून, खंबाटकीचा घाट आणि पुढे बोरघाट उतरून न्हावाशेव्याच्या बंदराकडे अहोरात्र धावू लागतात. तेथून तो माल जहाजाने युरोपास जातो, आणि या व्यापारावर आमच्या दुष्काळी मुलखातील कित्येक संसार उभे राहिले असल्यामुळे तो आटावा, असे मी कदापि म्हणणार नाही.

परंतु या वाढत्या दळणवळणाचा धूर कोणाच्या खाती मांडावा, हा प्रश्न जगाने फार दिवस टाळला. 1997 च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय जहाजांचे व विमानांचे उत्सर्जन कोणत्याच राष्ट्राच्या मर्यादेत धरले नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपास जाणाऱ्या मालाला आफ्रिकेचा वळसा पडला, इंधन वाढले, दिवस वाढले, आणि आमच्या हाती काहीच नव्हते. तथापि टनामागे आणि कोसामागे हिशेब केला, तर जहाज काटकसरीने चालते. मालमोटार त्याहून कितीतरी अधिक इंधन जाळते, आणि सांगली ते न्हावाशेवा हा टापू तर सर्वस्वी आपल्याच अखत्यारीतला आहे.

मिरज जंक्शनला निकडीचे काम नवे नाही. 2016 च्या एप्रिलात येथूनच तहानलेल्या लातुरास पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर. 2023 च्या फेब्रुवारीत मध्य रेल्वेच्या सर्व रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण पुरे झाले. ती वीज अद्याप बहुतांशी कोळशाचीच आहे, हे खरे. तरीही रुळांवरून टनभर माल ओढण्यास रस्त्याच्या मानाने फारच थोडी शक्ती लागते.

बागाइतदारांची शंका रास्त आहे. द्राक्ष नाशवंत, चढउतारात घड दुखावतो, गारवा तुटला तर देठ तपकिरी पडतो, आणि परदेशी खरेदीदार माल नाकारतो. सबब पेट्या न हाताळता बंद कंटेनरच वाघिणीवर चढवावा, त्याच्या शीतयंत्रास गाडीतच वीज मिळावी, आणि जहाजाच्या वेळेशी जुळणारे वेळापत्रक हंगामापूर्वी जाहीर व्हावे. वेळेची हमी नसेल, तर वर्षभराची मेहनत कोणीही आपल्या स्वाधीन करणार नाही.

येत्या जानेवारी ते एप्रिल या काळात मिरजेहून न्हावाशेव्यास आठवड्यातून निदान दोन अशा गाड्या सोडण्यास मंजुरी द्यावी, आणि त्यांचे भाडे मालमोटारीच्या भाड्याहून चढे ठेवू नये, ही आग्रहाची विनंती.

आपला,
सांगली जिल्ह्यातील एक नागरिक