फोनचा सातबारा कोणाच्या नावावर?

जुनी वस्तू विकत घेण्यात आमच्या पिढीला कधी कमीपणा वाटला नाही. माझी पहिली स्कूटर जुनी होती, घरातला पहिला रेडिओ पुण्याच्या जुन्या बाजारातला होता आणि दोघांनीही इमाने इतबारे सेवा केली. घेताना मात्र पारख करायची असते, हे वडिलांनी शिकवले होते. पुढे बँकेत नोकरी लागली आणि तीस वर्षे कर्जाच्या खात्यात काढली. त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की आधी तिच्यावर कोणाचा बोजा आहे का, ते पाहायचे, ही सवयच जडली. जमीन असेल तर सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना, वाहन असेल तर आरसी बुकातली बँकेची नोंद. अशा माणसाची एका तळहाताएवढ्या वस्तूने कशी फजिती केली, त्याची ही हकिगत. ती केवळ माझी असती तर आपली रविवारची सकाळ खर्ची घातली नसती.

झाले असे. माझी भाची न्यू जर्सीत एडिसन येथे राहते. तिने मामीसाठी तिथल्या एका ऑनलाइन बाजारातून वापरलेला स्मार्टफोन घेतला. जाहिरातीत 'अनलॉक्ड' असे ठळक लिहिले होते आणि किंमत नव्या फोनच्या निम्म्याहून कमी होती. पोरगी चौकस. फोन हाती पडताच तिने स्वतःचे सिमकार्ड घालून पाहिले, मैत्रिणीला फोन लावला, आवाज खणखणीत. ऑक्टोबरात घेतलेला फोन डिसेंबरात ती घेऊन आली. आमच्या सौभाग्यवतींनी कौतुकाने आपले सिम त्यात घातले, तर पडद्यावर अक्षरे उमटली : हे सिम चालणार नाही. शेजाऱ्यांचे सिम घातले, दुसऱ्या कंपनीचे घातले, उत्तर तेच. "मामा, मी स्वतः लावून बघितला होता हो!" भाची अगदी रडकुंडीला आली.

तिचे खरेच होते. तपासणीतली गोम अशी की, फोन ज्या कंपनीला बांधलेला होता, नेमक्या त्याच कंपनीची ती ग्राहक होती. कुलूप होते, पण तिच्या हातात योगायोगाने त्याचीच किल्ली होती, म्हणून ते दिसलेच नाही.

हे कुलूप असते कसले? प्रत्येक सिमकार्डात एक क्रमांक असतो आणि त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून देश व कंपनी कळते. भारतातली सिमकार्डे ४०४ किंवा ४०५ या आकड्यांनी सुरू होतात, अमेरिकेतली ३१० आणि त्यापुढच्या काही आकड्यांनी. बांधलेला फोन चालू होताच हे आकडे वाचतो आणि आपल्या धन्याचे नसले की दार बंद करतो. फोनमध्ये बिघाड काहीच नसतो; त्याला तशी ताकीद दिलेली असते. अमेरिकेत महागडे फोन बहुधा मोबाइल कंपनीकडूनच चोवीस किंवा छत्तीस महिन्यांच्या हप्त्यांनी घेतले जातात. हप्ते फिटेपर्यंत ग्राहक पळून जाऊ नये, म्हणून ही दावण.

आता 'अनलॉक्ड' या एका शब्दाची गंमत पाहा. फोनला कुलपे तीन प्रकारची असतात. पहिले वर सांगितलेले कंपनीचे. दुसरे मालकाच्या खात्याचे : आधीच्या मालकाने अ‍ॅपलचे किंवा गूगलचे खाते काढले नसेल, तर फोन पुसून काढल्यावरही तो त्याचाच पासवर्ड मागतो. तिसरी म्हणजे काळी यादी : फोन चोरीचा असेल किंवा हप्ते थकले असतील, तर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक यादीत चढतो आणि जाळ्यावर त्याला प्रवेश मिळत नाही. यातला तिसरा प्रकार सर्वांत कपटी. विकणारा फोन विकून मोकळा होतो, मग हप्ते भरणे थांबवतो आणि घेणाऱ्याचा दोन महिने उत्तम चाललेला फोन एके दिवशी मुका होतो. आमच्या विक्रेत्याने 'अनलॉक्ड' लिहिले ते, पडद्यावर आकडे मागत नाही, एवढ्याच अर्थाने. तो खोटे बोलला, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही!

मग सुरू झाली टोलवाटोलवी. ऑनलाइन बाजार म्हणाला, परत घेण्याची मुदत संपली. विक्रेता म्हणाला, होता तसा विकला. मोबाइल कंपनीने भाचीला नम्रपणे सांगितले, कुलूप आम्हीच काढू शकतो, पण विनंती मूळ खातेदाराने केली पाहिजे. मूळ खातेदार कोण? ते गोपनीय. एका संकेतस्थळाने पैसे घेऊन कोड देण्याचे आमिष दाखवले. जुन्या साध्या फोनांना असे कोड चालत; आजच्या अनेक फोनांची परवानगी कंपनीच्या संगणकातूनच यावी लागते. सिमकार्डाखाली बसवायची एक पातळ चकतीही मिळते. ती फोनला फसवते खरी, पण पुढच्या अपडेटला फोन शहाणा होतो. आम्ही दोन्ही वाटांना गेलो नाही.

या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद झाला आहे. अ‍ॅपलने जून २००७ मध्ये पहिला आयफोन आणला तो एटी अँड टी या एकाच कंपनीशी बांधून. दोनच महिन्यांत जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने ते बंधन तोडून दाखवले. पण तोडणे कायदेशीर की बेकायदा? कुलूप म्हणजे संगणकाची आज्ञावली, आज्ञावलीवर लेखनहक्क, म्हणून १९९८ च्या लेखनहक्क कायद्याचा बडगा स्वतःच्या फोनचे कुलूप काढणाऱ्यावरही उगारता येत होता. त्यातून सूट द्यायची की नाही, हे ठरवायचे तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालाने! २००६ पासून असलेली ही सूट २६ जानेवारी २०१३ पासून नव्या फोनांसाठी बंद झाली. लोक खवळले. व्हाइट हाऊसकडे गेलेल्या अर्जावर एक लाख चौदा हजारांहून अधिक सह्या पडल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी सूट परत देणाऱ्या कायद्यावर सही केली.

बारकावा पुढेच आहे. कुलूप काढणे हा गुन्हा नाही, एवढेच त्या कायद्याने सांगितले. कंपनीने ते काढून दिलेच पाहिजे, असे सांगितले नाही. कंपन्यांनी संघटनेमार्फत स्वखुशीने काही नियम पत्करले, पण त्यांच्या अटी हप्ते फेडण्याच्या, खाते स्वच्छ असण्याच्या. म्हणजे पहिल्या ग्राहकाच्या हातातल्या. 'गुन्हा नाही' आणि 'हक्क आहे' यांच्यामधल्या फटीत दुसरा खरेदीदार अडकतो. त्याने पूर्ण पैसे मोजलेले असतात, वस्तू त्याच्या हातात असते, पण तिच्यावरची शेवटची सही परक्याची असते.

कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. हप्त्यांवर फोन उचलून परदेशी विकणाऱ्या टोळ्या असतात आणि तो तोटा शेवटी प्रामाणिक ग्राहकच भरतो. बँकेत असताना मीही तारणाशिवाय कर्ज दिले नसते. परंतु तारणाचा एक जुना दंडक आहे : बोजा असेल तर तो नोंदीत दिसला पाहिजे आणि कर्ज फिटले की उतरला पाहिजे. कॅनडाने तर कुलपाचाच निकाल लावला. १ डिसेंबर २०१७ पासून तिथे नवे फोन मोकळेच विकावे लागतात आणि जुने फुकट मोकळे करून द्यावे लागतात. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून बांधलेल्या फोनांची विक्री बंद केली. तिथल्या कंपन्यांचे दिवाळे वाजले नाही.

आपल्याकडे ही भानगड फारशी नव्हती. २००३ साली घरोघर गेलेले रिलायन्सचे सीडीएमए फोन आणि २०१७ चा जिओफोन हे अपवाद. एरवी फोन एकाकडून आणि सिम दुसऱ्याकडून, हीच रीत. म्हणूनच परदेशी फोन हाती आला की आपण बेसावध असतो. पण हप्त्यांवर फोन घेण्याची चाल आता इथेही रुजली आहे. हप्ते थकल्यास फोन दुरून बंद करण्याची मुभा कर्ज देणाऱ्यांना द्यावी का, याचा विचार रिझर्व्ह बँकेत चालल्याचे २०२५ साली पुढे आले. तशी मुभा मिळो वा न मिळो, तो फोन पुढे जुना म्हणून विकला जाईल तेव्हा घेणाऱ्याला बोजा कुठे दिसणार, हे आधी ठरायला हवे.

तोपर्यंत आपली पारख आपणच करावी. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. भारतात 'केवायएम' लिहून पुढे तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला किंवा मे २०२३ मध्ये देशभर खुल्या झालेल्या संचार साथी संकेतस्थळावर घातला, की फोन येथील काळ्या यादीत आहे का ते कळते. परदेशी कंपनीचे कुलूप मात्र त्यात दिसत नाही. आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट येथे 'कॅरिअर लॉक'पुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे हवे. निदान दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घालून पाहावीत. मूळ बिल आणि हप्ते फिटल्याचा कागद मागावा, आधीच्या मालकाचे खाते डोळ्यांदेखत काढून घ्यावे. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकी आयफोनांना सिमची खाचच नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिथे ई-सिमच लागते. नात्यातले कोणी तिकडून फोन आणणार असेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हे सारे उरकायला सांगावे.

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल करू नये, असे आपले वाडवडील सांगत. आता म्हैस काठावर येते, दूधही देते, आणि तरी दावे दुसऱ्याच्या खुंट्याला असते. आमच्या फोनवर सौभाग्यवती घरच्या वाय-फायवर भाचीशी तासन् तास बोलतात. उंबरठा ओलांडला की तो मुका होतो. भाचीने पैसे परत द्यायचा हट्ट धरला. मी घेतले नाहीत. चूक तिची नव्हती. ज्या वस्तूला सातबाराच नाही, तिचा बोजा तिने वाचायचा तरी कुठे?