कँडलचे पंचांग आणि आपली पोरे

आमच्या वस्तीतल्या एका पोराने स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी जमवलेले अठरा हजार रुपये शेअर मार्केटच्या कोर्सला भरले. आई धुणीभांडी करते. का भरलेस, असे विचारले तर म्हणाला, "दादा, चार्टवर हॅमर दिसला की घ्यायचं, शूटिंग स्टार दिसला की विकायचं. नजर बसली की नोकरीची गरजच नाही."

"हे खरं कशावरून?"

"सर सांगतात."

मित्रांनो, 'भटजी सांगतात' हे उत्तर आपल्या आजोबांनी 1956 साली दीक्षाभूमीवर सोडून दिले. त्यांच्या नातवाच्या तोंडी 'सर सांगतात' शोभते का? कालाम सुत्तात बुद्धांनी स्पष्ट बजावले आहे, केवळ गुरू सांगतो म्हणून काही मानू नका.

मग तपासूया. एका कँडलमध्ये फक्त चार आकडे असतात: सुरुवातीचा भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव. ही पद्धत जपानमधल्या तांदळाच्या बाजारातून आली. आरएसआय वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने 1978 साली मांडला. मागच्या 14 दिवसांतली सरासरी वाढ आणि सरासरी घट यांची तुलना करून तो आकडा 0 ते 100 मध्ये बसवायचा, एवढेच त्याचे गुपित. मूव्हिंग अॅव्हरेज काय, एमएसीडी काय, सगळे होऊन गेलेल्या भावांचे गणित. भाव कुठून आला हे त्यातून कळते. उद्या कुठे जाईल हे कसे कळणार? आरएसआय 30 च्या खाली गेला म्हणजे 'आता स्वस्त झाला, घ्या' असे शिकवतात. कोसळणारा शेअर 30 च्या खाली राहून आणखी कित्येक दिवस कोसळू शकतो, हे कोण शिकवते?

क्लासमध्ये हॅमरनंतर भाव वर गेलेले दहा चार्ट दाखवतात. न गेलेले चार्ट कुठे आहेत? ज्योतिषीही खरी ठरलेली भाकितेच सांगत फिरतो.

आता सेबीचे आकडे पाहा. 2022-23 मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात गेल्या. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण 76 टक्के होते. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के लोकांनी पैसे गमावले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. चार्ट तर प्रत्येकाच्या मोबाइलवर फुकट होता! 2023-24 मध्ये या बाजारात मोठ्या ट्रेडिंग संस्थांनी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी जो नफा कमावला, त्याचा बहुतांश भाग संगणकी अल्गोरिदमने कमावला. त्या यंत्रासमोर आपले पोर मोबाइल घेऊन बसते आणि 'नजर बसली' म्हणते.

काही कार्यकर्ते म्हणतील, "बाजार सवर्णांच्याच ताब्यात ठेवायचा का?" मुळीच नाही. मालकी हवीच. पण कंपनीचा ताळेबंद वाचून, कर्ज आणि नफा पाहून, वर्षानुवर्षे हिस्सा धरून ठेवणे ही मालकी. सकाळी घेऊन दुपारी विकणे म्हणजे ब्रोकरला दलाली आणि सरकारला कर भरण्याची वेठबिगारी.

1917 साली परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो बंद पडला. त्याच बाबासाहेबांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लिहिला. बाजारात त्यांनी आकृत्यांत शकुन शोधले नाहीत; पुरावा शोधला.

म्हणून त्या पोराला मी एक वही दिली. पैसे न लावता पुढचे शंभर संकेत लिही. तारीख, भाव, नंतर काय झाले, दलाली आणि कर वजा करून काय उरले. फसलेला एकही संकेत वगळायचा नाही. आणि सरांना दोन प्रश्न विचार: सेबीची नोंदणी आहे का? तुमचे स्वतःचे ट्रेडिंगचे उत्पन्न जास्त की फीचे?

वही भरायला वेळ लागेल. तोवर आईच्या घामाचा एक रुपयाही त्या कांड्यांवर लागता कामा नये.

जय भीम!