टाइमआउट वाढवण्याआधी

लॅपटॉपवर दिवसभर बिनतक्रार चालणारे चॅट सर्व्हरवर चढवले की उघडतच नाही. उघडले, तर मिनिटभर कुणी काही लिहिले नाही की तुटते. रिअल-टाइम काम करणाऱ्या बहुतेक टीमना ही तक्रार ठाऊक आहे आणि त्यावरचा निवाडाही ठरलेला असतो: वेबसॉकेटचा भरवसा नाही. हा निवाडा मला मान्य नाही. दोष बहुतेक वेळा मध्ये बसवलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये असतो. त्याच्या खुणा समोरच असतात, आपण त्या वाचत नाही.

२०११ च्या आरएफसी ६४५५ या प्रमाणानुसार ब्राउझर आधी साधी एचटीटीपी १.१ ची गेट रिक्वेस्ट पाठवतो. तिच्यात 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे हेडर असतात. सर्व्हरने १०१ हा स्टेटस कोड दिला, की त्याच टीसीपी जोडणीवरून दोन्हीकडचे संदेश सुरू होतात. मेख अशी, की हे दोन्ही हेडर नियमानेच एका टप्प्यापुरते असतात. प्रॉक्सी ते आपणहून पुढे देत नाही. एनजिनएक्स २०१३ पासून वेबसॉकेट पुढे पाठवू शकतो, पण त्यासाठी दोन्ही हेडर कॉन्फिगमध्ये लिहावे लागतात. मागच्या सर्व्हरशी एचटीटीपी १.१ ने बोल, हेही सांगून ठेवावे, कारण तिथली मूळ सेटिंग वर्षानुवर्षे १.० ची होती.

म्हणून पहिला प्रश्न एकच: १०१ आला का? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा. ४०० किंवा ४२६ दिसला, तर हेडर बहुधा वाटेत गळाले. ४०३ असेल, तर सर्व्हरची 'ओरिजिन' तपासणी पाहा. ५०२ असेल, तर प्रॉक्सीला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालेले नाही. मग तीच रिक्वेस्ट कर्लने थेट मागच्या पोर्टवर करा. तिथे १०१ मिळाला आणि प्रॉक्सीमार्फत मिळाला नाही, तर दोष कुठे आहे यावर वादच उरत नाही.

१०१ येऊनही जोडणी तुटत असेल, तर घड्याळ पाहा. एनजिनएक्सचा रीड टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा, एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउटही ६० सेकंदांचाच. ब्राउझर अशा वेळी १००६ दाखवतो. हा कोड कुणीही पाठवलेला नसतो; निरोपाची फ्रेम न येता जोडणी गेली, एवढाच त्याचा अर्थ. तो आपल्या कोडमध्ये शोधत बसू नका.

इथे बरेच जण टाइमआउट चोवीस तासांचा करून मोकळे होतात. मला हा उपाय घातक वाटतो. मोबाइलचे नेटवर्क गेलेला वापरकर्ता सर्व्हरच्या लेखी जोडलेलाच राहतो आणि मेलेल्या जोडण्या साठत जातात. शिवाय वाटेतल्या दुसऱ्या कुणाचा टाइमआउट आपल्या हातात नसतो. खरा उपाय प्रमाणातच आहे: सर्व्हरने दर पंचवीस-तीस सेकंदांनी पिंग पाठवावा. ब्राउझर पाँग आपोआप देतो. मात्र पानावरच्या जावास्क्रिप्टला प्रोटोकॉलचा पिंग पाठवता येत नाही, म्हणून ही जबाबदारी सर्व्हरची. पाँग आला नाही, तर जोडणी सरळ बंद करावी.

दुसरी पळवाट याहून फसवी. सॉकेट.आयओ मुळात लाँग पोलिंगने सुरुवात करते आणि मग वेबसॉकेटवर जाऊ पाहते. ते जमले नाही तरी पान चालते, त्यामुळे प्रॉक्सी चुकीची आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पुढे सर्व्हर एकाचे दोन झाले आणि स्टिकी सेशन नसले, की ४०० चा पाऊस पडतो. तोवर कुणाच्या तरी स्क्रीनवर जुना भाव किंवा जुनी रांग ताजी म्हणून दिसत असते आणि त्यावर विसंबून तो माणूस निर्णय घेत असतो. म्हणूनच ही बाब किरकोळ मानायला मी तयार नाही.

तेव्हा प्रॉक्सीची कॉन्फिग कोडसोबतच गिटमध्ये ठेवा आणि चाचणी त्याच प्रॉक्सीमार्फत करा. १०१ येतो का आणि दोन मिनिटे दोन्ही बाजू गप्प राहिल्या तरी जोडणी टिकते का, एवढे दोनच प्रश्न त्या चाचणीत असू द्या. त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय टीममधले कुणी टाइमआउटचा आकडा बदलायला निघाले, तर त्याला थांबवा.