सॉल्टली ते ऑरग्रीव्ह: ब्रिटिश कामगारवर्गाच्या बारा वर्षांचा हिशेब

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनात कोणते मैलाचे दगड उभे राहिले, असा प्रश्न विचारला की भांडवली वृत्तपत्रांची जंत्री तयार असते. १९५३ चा राज्याभिषेक, १९८१ चा युवराजांचा विवाह, १९७९ साली पहिल्या महिला पंतप्रधानांचे आगमन, १९९७ साली मजूर पक्षाला मिळालेले प्रचंड बहुमत. या जंत्रीत राजे आहेत, पंतप्रधान आहेत, निवडणुकांचे आकडे आहेत. ज्यांनी कोळसा उपसला, जहाजे रिकामी केली, पत्रे वाटली आणि रुग्णालये चालविली, ती माणसे मात्र या जंत्रीत केवळ गर्दी म्हणून येतात.

या गर्दीच्या बाजूने पाहिले तर ते मैलाचे दगड वेगळ्या जागी दिसतात. बर्मिंगहॅममधील सॉल्टली येथील कोकच्या कोठाराचे फाटक, वायव्य लंडनमधील ग्रनविक कारखान्याचे फाटक आणि यॉर्कशायरमधील ऑरग्रीव्हच्या कोक कारखान्यासमोरील मैदान, या त्या तीन जागा. सॉल्टलीला १९७२ साली कामगार जिंकले. ऑरग्रीव्हला १९८४ साली त्यांची डोकी फुटली. मधल्या बारा वर्षांत असे काय घडले, हा प्रश्न ब्रिटनपुरता मर्यादित नाही. संपाचे हत्यार हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारला पाहिजे.

युद्धोत्तर तडजोड

या कथेची सुरुवात युद्ध संपल्यानंतरच्या मजूर सरकारपासून करावी लागते. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या कोळसा खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्या वेळी या उद्योगात सुमारे सात लाख कामगार होते. पुढील वर्षी, ५ जुलै १९४८ रोजी, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती उभी करणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील खाण कामगाराचे पुत्र. स्वतः तेराव्या वर्षी ते खाणीत उतरले होते. आजारी माणसाने वैद्याकडे जाताना खिसा चाचपू नये, एवढी साधी गोष्ट कायद्याने मान्य करण्यास जगातील पहिल्या औद्योगिक देशाला इतका काळ लागला.

परंतु ही तडजोड होती, सत्तांतर नव्हे. खाणीचा मालक बदलला, पण व्यवस्थापनाची रीत फारशी बदलली नाही. १९५१ साली कोरियन युद्धासाठी शस्त्रास्त्रांचा खर्च वाढला आणि त्याची भरपाई करण्यासाठी कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसविण्यात आले, तेव्हा बेव्हन यांनी राजीनामा दिला. तोफांसाठी पैसा असतो आणि दातांसाठी नसतो, हे मजूर सरकारच्या राज्यातही खरे ठरले. पुढील वीस वर्षे दोन्ही पक्षांनी तडजोड सांभाळली, कारण भांडवलाला ती परवडत होती. साठीच्या दशकाच्या अखेरीस ती परवडेनाशी झाली. मग वेतनावर लगाम आणि युनियनवर कायद्याचा बडगा, हा मार्ग सुरू झाला. १९७१ चा औद्योगिक संबंध कायदा हे त्याचे फळ.

सॉल्टली: दुसऱ्याचा लढा आपला मानला तेव्हा

९ जानेवारी १९७२ रोजी खाण कामगार संपावर गेले. १९२६ नंतरचा हा त्यांचा पहिला देशव्यापी संप. फिरत्या पिकेटिंग पथकांनी वीज केंद्रांकडे जाणारा कोळसा अडविला. सरकारने आणीबाणी जाहीर केली. सॉल्टलीच्या कोठारातून मात्र कोकने भरलेल्या मालमोटारी दररोज बाहेर पडत होत्या. यॉर्कशायरहून आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या खाण कामगारांनी फाटकासमोर अनेक दिवस धडका मारल्या. पोलिसांनी रेटा दिला आणि फाटक उघडेच राहिले.

ते बंद झाले १० फेब्रुवारी रोजी. त्या दिवशी बर्मिंगहॅमच्या इंजिनिअरिंग कारखान्यांतील कामगारांनी यंत्रे थांबविली आणि हजारोंच्या संख्येने ते टेकड्या उतरून सॉल्टलीवर चालून आले. त्यांचा स्वतःचा वेतनाचा प्रश्न त्या दिवशी पणाला लागलेला नव्हता. खाण कामगारांचा लढा हरला तर उद्या आपलीही पाळी आहे, एवढे त्यांना कळत होते. पोलीस प्रमुखांना फाटक बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. काही दिवसांतच विल्बरफोर्स चौकशी मंडळाने भरघोस वेतनवाढीची शिफारस केली आणि सरकार नमले.

त्याच वर्षी जुलैमध्ये पाच गोदी कामगारांना पेंटनव्हिल तुरुंगात टाकण्यात आले, तेव्हा देशभर कामबंदीची लाट उसळली आणि त्यांना मुक्त करावे लागले. १९७४ च्या आरंभी खाण कामगार पुन्हा उभे राहिले. सरकारने उद्योगांवर तीन दिवसांचा आठवडा लादला. पंतप्रधान हीथ यांनी, देशावर राज्य कोणाचे, असा सवाल करून २८ फेब्रुवारी रोजी निवडणूक घेतली. हुजूर पक्षाला २९७ आणि मजूर पक्षाला ३०१ जागा मिळाल्या. हीथ यांना खुर्ची सोडावी लागली आणि १९७१ चा कायदा रद्द झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या विजयाचा अर्थ कामगार चळवळीने लावला तो असा, की मोठ्या संख्येने फाटकावर गेले की जिंकता येते. सत्ताधारी वर्गाने लावलेला अर्थ अधिक अचूक होता. फाटक संख्येने बंद झाले नव्हते. ते एका धंद्यातील कामगारांसाठी दुसऱ्या धंद्यातील कामगारांनी काम थांबविल्याने बंद झाले होते. तोडायचे ते हेच नाते, असे वरच्या वर्गाने ठरविले.

ग्रनविक: साडी नेसलेल्या संपकरी

या दोन टोकांमध्ये ग्रनविकचा संप उभा आहे, आणि आपल्या वाचकांना तो अधिक जवळचा वाटावा. ऑगस्ट १९७६ मध्ये विल्सडेन येथील छायाचित्रे धुण्याच्या या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. गुजरातमध्ये जन्मलेल्या, पूर्व आफ्रिकेमार्गे इंग्लंडला आलेल्या या स्त्रीने सक्तीच्या जादा कामाविरुद्ध आवाज उठविला. हा कारखाना नव्हे, प्राणिसंग्रहालय आहे, आणि येथे तुमच्या बोटांवर नाचणारी माकडे असतील तसे सिंहही आहेत, असे त्यांनी व्यवस्थापकाला तोंडावर सुनावले. त्यांच्या मागोमाग बाहेर पडलेल्यांत बहुसंख्य आशियाई स्त्रिया होत्या. युनियनला मान्यता द्या, एवढीच त्यांची मागणी.

या संपाचे मोल समजण्यासाठी आधीचा इतिहास आठवला पाहिजे. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांच्या वर्णद्वेषी भाषणाच्या समर्थनार्थ लंडनच्या गोदी कामगारांनी पार्लमेंटवर मोर्चा नेला होता. १९७४ साली लेस्टर येथील टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा स्थानिक युनियनने त्यांना वाऱ्यावर सोडले होते. त्याच देशात १९७७ साली गोदी कामगारांचे फलक ग्रनविकच्या मोर्च्यात झळकले आणि ११ जुलै रोजी यॉर्कशायरचे खाण कामगार साडी नेसलेल्या स्त्रियांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी लंडनला आले. ब्रिटिश कामगारवर्गाच्या मनातील एक भिंत त्या दिवशी खचली. आमच्या मते हा त्या शतकातील फार मोठा मैलाचा दगड होय.

तरीही संप हरला. कारखान्याचा धंदा टपालावर चालत होता. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी त्याची पाकिटे हाताळण्यास नकार दिला, तेव्हा मालकाची नाडी खरोखर संपकऱ्यांच्या हाती आली होती. पण टपाल अडविणे कायद्याने गुन्हा होता. टपाल खात्याने त्या कामगारांना निलंबित केले आणि उजव्या गटांनी कारखान्याची पाकिटे गुपचूप बाहेर नेऊन देशभरच्या पेट्यांत टाकली. युनियनच्या वरिष्ठ नेत्यांनी टपाल कामगारांना पाठिंबा देण्याऐवजी बहिष्कार मागे घेण्याचा सल्ला दिला. न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशीने संपकऱ्यांना कामावर घ्यावे अशी शिफारस केली. मालकाने ती धुडकावली. नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि त्यांचे सहकारी ट्रेड युनियन काँग्रेसच्याच कार्यालयासमोर उपोषणाला बसले. त्याबद्दल त्यांच्या युनियनने त्यांना निलंबित केले! जुलै १९७८ मध्ये संप संपला. सरकार त्या वेळी मजूर पक्षाचे होते, हेही नोंदवून ठेवावे.

शत्रूची पूर्वतयारी

याच मजूर सरकारने १९७६ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेऊन सार्वजनिक खर्चाला कात्री लावली होती. पुढे महागाई वाढत असता पाच टक्के वेतनवाढीची मर्यादा घातली. १९७८-७९ च्या हिवाळ्यात सफाई कामगार, रुग्णालयांतील सेवक, मालमोटारचालक संपावर गेले ते यामुळे. वृत्तपत्रांनी साचलेल्या कचऱ्याची छायाचित्रे छापली. कचरा उचलणाऱ्याच्या पगाराचे कागद कोणी छापले नाहीत. २८ मार्च १९७९ रोजी सरकार एका मताने पडले आणि ३ मे च्या निवडणुकीत हुजूर पक्ष श्रीमती थॅचर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला.

ही सत्ता हाती येण्यापूर्वीच योजना तयार होती. १९७८ साली फुटलेल्या, निकोलस रिडले यांच्या अहवालात ती स्पष्ट आहे. कोळशाचे साठे वाढवा, आयातीची सोय करा, वीज केंद्रे तेलावरही चालतील अशी व्यवस्था करा, युनियनबाहेरचे मोटारचालक हाताशी ठेवा, संपकऱ्यांच्या कुटुंबांना मिळणारे साहाय्य तोडा, पिकेटिंग मोडण्यासाठी पोलिसांची फिरती पथके उभारा. सॉल्टलीचा धडा इतक्या बारकाईने कामगार चळवळीतही कोणी गिरविला नव्हता.

घाई मात्र करण्यात आली नाही. १९८१ साली खाण कामगार खवळताच सरकारने खाणबंदीचा बेत मागे घेतला आणि कोळसा साठविण्यास आरंभ केला. १९८० च्या कायद्याने स्वतःच्या कामाच्या जागेबाहेरील पिकेटिंग बेकायदा ठरविले आणि १९८२ च्या कायद्याने युनियनचा निधी नुकसानभरपाईसाठी खुला केला. त्याच वर्षी बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. १९७२ च्या आरंभी ती दहा लाखांवर जाताच हाहाकार उडाला होता. बेकारीची तलवार डोक्यावर लटकत असता शेजारच्या कारखान्यासाठी यंत्र थांबविणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको.

ऑरग्रीव्ह आणि नंतर

मार्च १९८४ मध्ये वीस खाणी बंद करून वीस हजार कामगार कमी करण्याचा बेत कोळसा मंडळाने जाहीर केला. संप पेटला. १८ जून रोजी ऑरग्रीव्हसमोर हजारो खाण कामगार जमले. सॉल्टली पुन्हा घडवावयाची हा हेतू. समोर घोडेस्वार पोलीस आणि ढालकरी होते. त्या दिवशी पिटाळली गेलेली माणसे सर्वांनी पाहिली. आरोप ठेवले गेले ते मात्र त्यांच्यावरच. पंच्याण्णव जणांवरील खटले १९८५ साली न्यायालयात कोसळले आणि १९९१ साली दक्षिण यॉर्कशायर पोलिसांना भरपाई द्यावी लागली. या घटनेच्या सरकारी चौकशीची घोषणा होण्यास जुलै २०२५ उजाडावे लागले.

परंतु ऑरग्रीव्हचा पराभव लाठीने झाला, असे म्हणून भागणार नाही. त्या मैदानात बर्मिंगहॅम नव्हते. पोलाद कामगारांची युनियन भट्ट्या विझू न देण्याच्या चिंतेत होती. खाणींतील मुकादमांच्या संघटनेने प्रचंड बहुमताने संपाचा कौल दिला आणि ऑक्टोबरमध्ये माघार घेतली. नॉटिंगहॅमशायरच्या बहुसंख्य खाणी चालूच राहिल्या. आणि देशव्यापी मतदान न घेण्याचा निर्णय, संप वसंत ऋतूत, कोळशाची मागणी घटण्याच्या सुमारास सुरू होणे, या गोष्टींनी फुटीरांच्या हाती आयते निमित्त दिले. हे मान्य करण्याने त्या लढ्याची थोरवी उणी होत नाही. वर्षभर खाणवस्त्यांतील स्त्रियांनी सार्वजनिक स्वयंपाकघरे चालविली, सभा गाजविल्या. अकरा हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. ३ मार्च १९८५ रोजी संप मागे घेण्यात आला, आणि कामगार वाद्ये वाजवीत, निशाणे मिरवीत खाणींवर परतले.

पुढचा हिशेब थोडक्यात देता येतो. १९८६ साली वॉपिंगमध्ये हजारो मुद्रण कामगारांना काढून टाकण्यात आले. दूरध्वनी, गॅस, पाणी आणि शेवटी रेल्वे खाजगी हाती गेली. १९९० च्या कायद्याने सहानुभूतीचा संप सर्वस्वी बेकायदा ठरविला. २९ एप्रिल १९९५ रोजी मजूर पक्षाने उत्पादनसाधनांच्या सामाईक मालकीचे कलम आपल्या घटनेतून काढले, तेही ज्या सभागृहात १९१८ साली ते स्वीकारले होते तेथेच. १९७९ साली युनियनचे १ कोटी ३० लाखांहून अधिक सभासद होते. शतकाच्या अखेरीस ते सुमारे ८० लाख उरले. शेवटची खोल खाण, केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली.

कोळशाचे युग कधीतरी संपणारच होते, असे आज सांगितले जाते. असेल. पण वाद कोळशाचा नव्हता. तो खाणीवर जगणाऱ्या गावांचे काय करावयाचे हे कोणी ठरवावे, याचा होता. तो निर्णय त्या गावांना वगळून झाला आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

दोन गोष्टी मात्र त्या लाटेत वाहून गेल्या नाहीत. आरोग्य सेवा विकण्याचे धाडस श्रीमती थॅचर यांनाही झाले नाही, कारण ती प्रत्येक घरात पोचलेली होती. आणि १९९० साली लादलेला डोईपट्टी कर लाखो सामान्य लोकांनी भरण्यास नकार दिला, तेव्हा तो कर टिकला नाही आणि त्याच वर्षी पंतप्रधानपदही गेले. जेथे लढा एका धंद्याचा न राहता साऱ्या जनतेचा झाला, तेथे लोखंडी मानली गेलेली सत्ताही वाकली.

म्हणूनच सॉल्टली आणि ऑरग्रीव्ह हे दोन दगड एकत्र वाचले पाहिजेत. १९७२ साली जे बर्मिंगहॅमच्या कामगारांनी केले, ते आजही ब्रिटनच्या कायद्याने करता येत नाही. सत्ताधारी वर्गाने सर्वात आधी आणि सर्वात कडेकोट बंदी घातली ती शेजाऱ्यासाठी काम थांबविण्यावर. ज्या गोष्टीची शत्रूला एवढी धास्ती, तिचे मोल आपण त्याच्याहून कमी का मानावे?