आईचे हात आणि मरियामातेचे चित्र

गेल्या नाताळापासून आजवर आमच्या हातून तीन कामे झाली: रेखाटने, एक शिल्प आणि एक रंगचित्र. वडोद्याच्या ज्या कलाशाखेत आम्ही शिकतो ती १९५० साली सुरू झाली. तेथे केलेल्या कामाचा हिशेब वेळोवेळी गुरुजनांपुढे मांडावा लागतो. तो मांडून झाला. आता तोच हिशेब वाचकांपुढेही ठेवावा असे वाटते. कारण तिसरे काम खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या देवळासाठी होते, आणि त्याची खरी परीक्षा गावातच झाली.

पहिले काम हातांच्या रेखाटनांचे. कोळशाने मोठ्या कागदावर चाळीस हात काढून आणावयाचे होते. हाताला पाच बोटे असतात हे सर्वांस ठाऊक आहे, आणि नेमकी तीच अडचण असते. डोळा समोरचा हात न पाहता मनातला ठरलेला हात काढू लागतो. म्हणून आमचे गुरुजी सांगत की, बोटे काढू नका; दोन बोटांमधल्या मोकळ्या जागेचा आकार काढा. नाताळच्या सुटीत आई सुपात तांदूळ निवडत असताना आम्ही समोर बसून तिचे हात काढू लागलो. ती संकोचून म्हणाली, “अरे, हे हात कसले काढतोस? नुसत्या भेगा पडल्यात.” त्या भेगा आम्ही बावीस वर्षांत प्रथमच पाहिल्या, हे येथे कबूल करावयास हवे.

दुसरे काम क्रूसावरील प्रभू येशूच्या मूर्तीचे. पसरलेले बाहू नुसत्या मातीने तोलून धरता येत नाहीत. आत लोखंडी सळईचा सांगाडा उभारावा लागतो, आणि काम चालू असेतो माती ओल्या फडक्याने झाकून ठेवावी लागते. ईस्टरसाठी गावी निघण्याच्या घाईत आम्ही फडके भिजवण्यास विसरलो. परत येऊन पाहतो तो दोन्ही खांद्यांशी मूर्ती तडकलेली! सुकताना माती आकसते, लोखंड आकसत नाही. मग माती फाटते. दोष सर्वस्वी आमचाच होता. पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. दुसऱ्या खेपेस शरीराचा भार कोठे पडतो याचा विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आमच्या पहिल्या मूर्तीत प्रभू क्रूसावर जणू आरामात उभे होते. टांगलेल्या देहाचे खांदे वर ओढले जातात, मान त्यांच्यामध्ये रुतते, गुडघे वाकतात. दर शुक्रवारी क्रूसाची वाट करूनही एवढी साधी गोष्ट आम्हांस कधी दिसली नव्हती. या दुसऱ्या मूर्तीचा साचा घेऊन ती प्लास्टरमध्ये ओतली.

तिसरे काम मरियामातेच्या चित्राचे. ८ सप्टेंबरच्या तिच्या जन्मोत्सवासाठी आमच्या फादरांनी ते मागितले होते. आम्ही प्रथम दिनदर्शिकेवरील चित्र पुढे ठेवून निळा झगा, गुलाबी गाल आणि निमुळती बोटे हुबेहूब उतरवली. आजीने ते पाहिले आणि म्हणाली, “सुंदर आहे रे. पण हिने कधी भांडी घासलेली दिसत नाहीत.”

त्या रात्री आम्हांस आंजेलो द फोन्सेका यांची आठवण झाली. गोव्यातील सांत इस्तेव्ह गावी १९०२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी शिक्षण घेतले आणि मरियामातेस साडी नेसवून आपल्या मातीतील स्त्री म्हणून रंगविले. गोव्यात त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पुढे ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ साली पुण्यातच निवर्तले. आज त्यांची अनेक चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. त्यांच्या निधनापूर्वी चारच वर्षे, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने आपल्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले होते की, पवित्रसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही, आणि सर्व लोकांच्या व प्रदेशांच्या कलेस तिच्यात वाव असावा.

आम्ही नवे चित्र घेतले. लुगडे नेसलेली मरियामाता सूप मांडीवर घेऊन बसली आहे, बाळ येशू सुपाची कड धरून उभा आहे. हात मात्र आमच्या आईचे, भेगांसकट.

चित्र फादरांना आवडले. देवळातील जुने चित्र उतरवून त्या जागी हे लावावे, असे काहींनी सुचविले. तेव्हा गावातील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, “बाळ, चित्र चांगले आहे. पण माझा मुलगा गेला त्या वर्षी मी रोज संध्याकाळी त्या निळ्या झग्यातल्या माउलीपुढे बसत होतो. ती भिंतीवरून उतरली, तर मी कुठे बसू?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. जुन्या चित्रातील रेषा कच्ची आहे, रंग भडक आहे, हे आम्ही शिकलो होतो. त्याच्यापुढे कोणी किती अश्रू ढाळले, हे आम्ही पाहिले नव्हते. ज्याने चाळीस हात काढले त्याने हात जोडणाऱ्या माणसाकडेही पाहावयास नको का? आम्हीच फादरांना विनंती केली, आणि जुनी माउली आपल्या जागी राहिली. नवे चित्र धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो त्या पडवीत लागले. मुले रोज त्याच्यासमोर बसतात. सुपात तांदूळ आहे की नाचणी, यावर त्यांचा वाद अजून मिटलेला नाही.

सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर आई त्या चित्रापुढे उभी राहिली. तिने हात ओळखले, आणि आपले हात हळूच पदराखाली घेतले. घरी येईतो काही बोलली नाही. रात्री भाकरी वाढताना एवढेच म्हणाली, “भेगा थोड्या कमी काढल्या असत्यास, तर काय बिघडले असते रे?”